जुन्या पिकअपची दुरुस्ती : कंपनीची निष्ठा आणि धंद्याचा हिशेब

आपल्याकडे छोट्या व्यापाऱ्याच्या दारात उभी असलेली मालाची गाडी ही घरातल्या माणसासारखी असते. "आम्ही महिंद्रावाले", "आमच्याकडे पहिल्यापासून टाटाच", अशी वाक्ये बाजार समितीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात आणि गॅरेजच्या बाकावर नेहमी ऐकू येतात. अशी निष्ठा असणे वाईट नाही. मात्र ती कशाच्या जोरावर उभी आहे हे तपासले नाही, तर ती हळूहळू गल्ल्यातले पैसे खाते.

आजच्या पाठात दोन गोष्टी एकत्र पाहायच्या आहेत. पहिली, जुनी पिकअप घेऊन ती पुन्हा रस्त्यालायक कशी करावी. दुसरी, हे करताना गाडीची कंपनीही बदलली असेल, तर माणूस नेमका कोठे फसतो. उदाहरण आमच्या घरचेच घेतले आहे, कारण चूकही घरचीच होती.

घरचे उदाहरण

आमच्या अब्बांकडे १९८७ पासून मॅटेडोर होती. रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला न्यायच्या आणि येताना कांदा, गूळ, किराणा आणायचा, असा धंदा. अठरा वर्षे त्या गाडीने घर चालवले. इंजिनाच्या आवाजावरून कोणता नोझल थकला हे अब्बा सांगत. पुढे सुटे भाग मिळेनात, ओळखीचे मिस्त्री वयाने थकले आणि गाडी भंगारात गेली. मग बरीच वर्षे भाड्याच्या गाडीवर काढली.

२०१८ च्या सुरुवातीला धाकट्या भावाने आणि मी मिळून २००७ ची टाटा २०७ डीआय घेतली. अब्बा नाखूश होते. "ही आपली गाडी नाही," एवढेच म्हणाले. तरीही गाडी पाहायला आमच्याबरोबर आले. आम्ही तिघांनी दोन तास तपासणी केली. पुढची चाके हलवून पाहिली, स्टिअरिंगची ढिलाई पाहिली, गिअर टाकून पाहिले, इंजिन ऐकले. सगळे समाधानकारक वाटले. गाडीला नवा रंग होता, खालून काळा रंगही मारलेला होता. सौदा झाला.

एप्रिलमध्ये आंबा घाटात, पेट्यांनी भरलेली गाडी चढत असताना मागून मोठा आवाज झाला. मागच्या डाव्या कमानपाट्याचा हँगर चासीपासून उखडला होता. आस सरकला आणि टायर हौद्याला घासू लागला. भावाने गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली, म्हणून जीव वाचले. पेट्या दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत दुपार टळली. माल दुसऱ्या दिवशीच्या लिलावात पडत्या भावाने गेला.

गाडी गॅरेजला आणून खालचा काळा रंग खरवडला, तेव्हा आत गंजाने पापुद्रे सुटलेला पत्रा आणि त्यावर थापलेली लांबी निघाली. चौकशीअंती कळले की गाडी कित्येक वर्षे मासळीच्या भाड्यावर होती. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

त्या रात्री अब्बा म्हणाले, "आपण मॅटेडोर तपासून आलो. २०७ तपासलीच नाही." आजचा सगळा धडा या वाक्यात आहे. मॅटेडोरची ओढ पुढच्या चाकांना असते आणि मागचा आस नुसता भार वाहतो. अठरा वर्षे आमच्या घराने पुढचेच सांधे सांभाळले होते, म्हणून आमची नजर पुढेच गेली. २०७ ची ताकद मागच्या चाकांना जाते. तिथे प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, डिफरन्शियल, कमानपाटे आणि त्यांचे हँगर यांच्यावर सगळा ताण असतो. नेमक्या त्या भागाकडे आमच्यापैकी कोणी वाकूनही पाहिले नाही.

निष्ठेच्या पोटात काय असते?

कंपनीच्या नावाला आपण घराण्यासारखे मानतो. पण ही घराणी स्वतः किती बदलली ते पाहा.

टेल्को १९४५ मध्ये स्थापन झाली. १९५४ पासून पंधरा वर्षे तिचे ट्रक जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनत होते. १९८६ मध्ये तिने टाटा ४०७ आणली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप. २००३ मध्ये टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले.

बजाज टेम्पोची सुरुवात १९५८ मध्ये जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने झाली. तीनचाकी टेम्पो इतका रुळला की मराठीत 'टेम्पो' हे मालाच्या कोणत्याही छोट्या गाडीचेच नाव होऊन बसले. १९६९ मध्ये मॅटेडोर आली. ऐंशीच्या दशकात तिला डाइम्लर-बेंझच्याच परवान्याचे डिझेल इंजिन मिळाले. २००५ मध्ये या कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले.

महिंद्राचे पहिले नाव महिंद्र अँड मोहम्मद होते. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ती काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. तिने आधी अमेरिकन विलीस जीप जोडली आणि पुढे फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवली.

म्हणजे ज्या टाटा आणि टेम्पोवरून आपल्याकडे पैजा लागत, त्या दोघांनीही एकाच जर्मन उस्तादाकडून धडे घेतले होते. कंपन्या धंद्याच्या गरजेप्रमाणे भागीदार बदलतात, इंजिने बदलतात, नावेही बदलतात. मग गिऱ्हाइकानेच जन्मभर एका पाटीला चिकटून राहावे, असा काही नियम नाही.

तरीही निष्ठेत एक खरी किंमत दडलेली असते. ती पाटीची नसून ओळखीची असते. वर्षानुवर्षे एकच गाडी वापरल्याने तिचे कच्चे दुवे कळतात, मिस्त्रीचा हात बसतो, कोणता भाग कोणत्या दुकानात खात्रीचा मिळतो हे माहीत होते. कंपनी बदलली की ही सगळी पुंजी एका दिवसात शून्य होते. नव्या गाडीच्या किमतीत ही गेलेली पुंजी कोणी धरत नाही. म्हणून कंपनी बदलायला हरकत नाही, पण नवी ओळख करून घेण्याचा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरला पाहिजे.

कंपनी बदलण्यापूर्वी पाच प्रश्न

१. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरात या गाडीचे काम करणारे किमान दोन मिस्त्री आहेत का? एकच असेल तर तो आजारी पडला की आपला धंदा बंद.

२. हिचे इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे? २०७ डीआयचे सुमारे तीन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन ४०७ च्या कुळातले आहे. त्यामुळे पिकअप कमी दिसू लागली तरी इंजिनाचे सामान मिळत राहते. ज्या गाडीचे इंजिन फक्त तिच्यातच आहे, ती जुनी घेताना दहा वेळा विचार करावा.

३. पंप यांत्रिक आहे की इलेक्ट्रॉनिक? भारत स्टेज चार देशभर एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज सहा एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत सेन्सर आणि संगणकाचे काम बरेच आहे. त्यांचा दोष नुसत्या कानाने सापडत नाही, स्कॅनर लागतो.

४. हिची ओढ पुढे की मागे, आणि जास्त झिजणारे भाग कोणते? हे त्याच गाडीच्या दोन जुन्या ड्रायव्हरांना विचारावे. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

५. आधी ही गाडी कोणते भाडे वाहत होती? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि हाच कोणी विचारत नाही. मासळीच्या बर्फाचे खारे पाणी हौद्यातून थेट चासीवर ठिबकते. रासायनिक खताची सांडलेली पूड ओल धरून पत्रा कुजवते. वाळू आणि जांभ्याचे चिरे पाट्यांचा जीव घेतात. भाजीपाला, बेकरी, कपडा वाहिलेली गाडी त्या मानाने निरोगी असते.

आधी कागद, मग पत्रा

गाडी कितीही आवडली तरी पाना हातात घेण्यापूर्वी कागद पाहावेत. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओकडे गाडी न्यायची असेल तर फॉर्म २८, हे विक्रेत्याच्या सहीने हाती घ्यावेत. थकलेला कर, पर्यावरण कर आणि न भरलेले ई-चलन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतात. "नंतर करून देतो" या शब्दावर सौदा करू नये.

चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. चासी नंबर लाँग मेंबरवर ठोकलेला असतो. त्या जागी गंज चढलेला असेल तर ग्राइंडर लावू नका. हलक्या हाताने पॉलिश पेपरने साफ करून ग्रीस लावा. त्या जागी चुकून वेल्ड झाला किंवा अक्षर पुसले गेले, तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्यात महिने जातात.

दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे किंवा हौदा लांबवणे हेही स्वस्त उपाय वाटतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच जातीचे इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची मंजुरी आणि मग पुस्तकावर नोंद, हा क्रम आहे. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

वयाचाही विचार करावा. भाड्याच्या मालगाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाडीच्या पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवले गेले. त्यानंतरही दर बदललेले आहेत, म्हणून सौद्याच्या दिवशी चालू दर पाहूनच आकडा धरावा.

चासी : घराचा पाया

पिकअपची चासी शिडीसारखी असते. दोन लांब दांडे म्हणजे लाँग मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. ती वाकडी किंवा कुजलेली असेल तर इंजिनावर घातलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

तपासणी साधी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करा. छोट्या हातोडीने दांड्यावर ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. संशय आला तेथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. केबिनच्या मागचा भाग, हौद्याच्या बोल्टखालची जागा आणि कमानपाट्यांचे हँगर या तीन ठिकाणी पाणी आणि चिखल साठतो. जेथे नवा काळा रंग जाड बसला आहे तेथेच आधी खरवडा. विक्रेत्याने हरकत घेतली तर तेच उत्तर समजावे.

चासी वाकडी आहे का हे ओळंब्याने कळते. दोन्ही बाजूंच्या सारख्या चार ठिकाणांवरून, म्हणजे पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या पिनांवरून, ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. गाडी बाजूला घेऊन समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तिरकी अंतरे टेपने मोजा. दोन्ही सारखी आली तर चासी सरळ. फरक दिसला तर गाडीने कोठे तरी जबर मार खाल्ला आहे. गवंडी खोलीचा काटकोन तपासतो तसेच हे काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तडा सापडला तर नुसता वेल्डचा थर ओतून तो बुजवू नये. तड्याच्या टोकाला छोटे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग वेल्ड करून आतून पट्टी बसवावी. दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा वेल्ड टाळावा, कारण पुढचा तडा तेथूनच जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात. आमच्या गाडीच्या दोन्ही हँगरखालचा पत्रा कापून काढला, आतून पट्टी दिली आणि हँगर नवे बोल्ट करून बसवले. उजव्या बाजूचा हँगर तुटला नव्हता, पण आतून तोही तसाच होता.

ब्रेक आणि पाटे

इंजिनाआधी ब्रेक. गाडी चालली नाही तर भाडे बुडते, थांबली नाही तर माणूस जातो. व्हील सिलिंडर, रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडरचे रबर जुन्या गाडीत सरसकट बदलावेत. ड्रमला आतून खाच पडली असेल तर नुसते नवे लायनिंग लावून भागत नाही. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल कधीही घालू नये. त्याने रबरे फुगतात आणि ब्रेक धरून बसतात.

कमानपाट्यात जादा पाटा घालण्याची आपल्याकडे सवय आहे. पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. जो दणका पाटा सोसत होता तो आता हँगर, आस आणि चासी सोसतात, एवढाच फरक पडतो. आमच्या २०७ ला आधीच्या मालकाने दोन जादा पाटे घातले होते. गंज आणि जादा पाटे मिळून हँगर उखडला. पुस्तकावर लिहिलेले वजन तेच गाडीचे वजन, हे मनात पक्के करावे.

इंजिन : उघडावे की नाही?

चालते इंजिन केवळ हौसेने उघडू नये. आधी चार लक्षणे पाहा. सकाळी थंड इंजिन किती वेळात सुरू होते? धूर कोणता? निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा एअर क्लीनर तुंबलेला. पांढरा धूर टिकून राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाते. ऑइलचे झाकण उघडल्यावर इंजिन जोराने बॅक मारत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा हेडकडे संशय जातो.

काळ्या धुरासाठी थेट इंजिन उघडणारे मिस्त्री भेटतात. आधी एअर क्लीनर, मग डिझेल फिल्टर, मग नोझल, हा स्वस्ताकडून महागाकडे जाणारा क्रम सोडू नये. पंपाचे कॅलिब्रेशन शेवटी, कारण रिंगा थकलेल्या असताना पंप नीट करून घेतला तर इंजिन झाल्यावर तो पुन्हा करावा लागतो.

इंजिन उघडलेच तर मशीनचे काम मापाने व्हावे. क्रँक घासून घेतला असेल तर बेअरिंग त्याच मापाचे हवे. बोअर केला असेल तर पिस्टन त्याच मापाचा हवा. मापे मशीनवाल्याकडून कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद गाडीच्या फायलीत लावावा. आमच्या ब्लॉकचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. तेथे मापाचा कागद मागितला तर कोणी वाईट मानत नाही. चांगल्या कारागिराला उलट बरे वाटते. नव्या रिंगांचे इंजिन पहिले हजारभर किलोमीटर हलक्या भारावर आणि न तापवता चालवावे, मग ऑइल आणि फिल्टर बदलावा. इंजिन झाले त्याच आठवड्यात पूर्ण भरून घाटात घातले, तर केलेले काम आपणच मोडतो.

पत्रा आणि रंग शेवटी

माणसाची पहिली ओढ रंगाकडे असते. गाडी चकचकीत दिसली की काम झाल्यासारखे वाटते. पण रंग हा शेवटचा खर्च आहे. गंजलेला पत्रा निरोगी भागापर्यंत कापून तेथे नवा तुकडा बसवावा, रेड ऑक्साईड द्यावा आणि लांबी पातळच ठेवावी. जाड लांबी मालगाडीच्या हादऱ्याने पावसाळ्याआधीच सुटते. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची छोटी भोके असतात, ती रंगात बुजू देऊ नयेत. हौद्याच्या जुन्या तळावर नवा पत्रा तसाच ठोकला तर मध्ये पाणी अडकते आणि दोन्ही कुजतात. जुना काढूनच नवा घालावा. कोकणात भर पावसात रंगकाम टाळावे, दमट हवेत रंगावर पांढुरका झाक येतो.

सुट्या भागांचा बाजार

पुण्याचे नाना पेठ, मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशा बाजारांत जुन्या गाड्यांचे बहुतेक सामान मिळते. येथे एक नियम पाळावा. जे भाग तुटल्यास जीव जाऊ शकतो, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, किंगपिन, चाकाचे बोल्ट, ते नवेच आणि पक्क्या बिलाने घ्यावेत. दरवाजे, दिव्यांचे सांगाडे, सीटची चौकट, डॅशबोर्ड हे जुन्या बाजारातून घेतले तरी चालते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल जुने घेताना उघडून दात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल नसलेला भाग चोरीचा निघाला तर जबाब आपल्याला द्यावा लागतो.

वहीतला हिशेब

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत.

गाडीची किंमत १,८०,००० रुपये, नाव बदलणे, कर, विमा, पासिंग ३०,०००, चासी आणि पाटे ३५,०००, इंजिन ७०,०००, ब्रेक आणि क्लच २५,०००, टायर ३०,०००, पत्रा आणि रंग ३०,०००. बेरीज ४,००,०००.

बहुतेकजण येथे थांबतात. पण आणखी दोन रकमा आहेत. गाडी ४५ दिवस गॅरेजला राहिली आणि रोजचे १,००० रुपये बुडाले, तर ४५,०००. उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामासाठी दुरुस्तीच्या १,९०,००० वर वीस टक्के राखीव, म्हणजे ३८,०००. खरी बेरीज ४,८३,०००.

गाडी पाच वर्षे चालेल आणि शेवटी ८०,००० येतील असे धरले, तर ४,०३,००० भागिले ६० महिने, म्हणजे दरमहा सुमारे ६,७००. त्यात पुढची देखभाल, विमा, कर आणि पासिंग यांचे दरमहा ५,००० मिळवा. एकूण ११,७००. आता भाड्याच्या गाडीला एका फेरीचे २,६०० द्यावे लागतात आणि स्वतःच्या गाडीला डिझेल, ड्रायव्हर, टोल मिळून १,७०० लागतात असे समजू. फेरीमागे ९०० वाचतात. म्हणजे महिन्याला सरासरी १३ फेऱ्या होत असतील तर बरोबरी. त्याहून कमी असतील तर भाड्याची गाडीच स्वस्त. आंब्यासारख्या हंगामी धंद्यात सरासरी बारा महिन्यांची काढावी, एप्रिल-मेची नव्हे.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण व्याजाचे कर्ज टाळतात. त्यांना नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा जुनी गाडी रोखीने उभी करणे सोयीचे वाटते, आणि ते रास्त आहे. मात्र रोख संपली आणि गाडी अर्धवट उघडी राहिली, तर उधारीची पाळी येतेच. म्हणून काम टप्प्यांनी करावे. आधी कागद, मग चासी, ब्रेक, इंजिन आणि शेवटी रंग. प्रत्येक टप्पा संपल्यावर गाडी चालण्याजोगी राहिली पाहिजे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा वर जाऊ लागला की थांबून वही पुन्हा मांडावी. "आता एवढा घातलाच आहे, तर आणखी थोडा" हा हिशेब नव्हे. घातलेला पैसा गेलेला असतो. पुढचा पैसा काय देणार, एवढेच पाहायचे.

शेवट

दुरुस्तीनंतर आमच्या २०७ ने चांगली सेवा दिली. दुसऱ्या वर्षापासून अब्बा तिच्या मागच्या पाट्यांखाली स्वतः वाकून पाहू लागले. २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली, पासिंगचा खर्च वाढला आणि वहीतील फेऱ्यांची बरोबरी जमेना. पुढच्या वर्षी ती विकली. घेणाऱ्याला गाडीखाली नेऊन हँगरची जोडणी, कापलेला पत्रा आणि आतली पट्टी दाखवली. ती मासळीच्या भाड्यावर होती हेही सांगितले आणि मापांच्या कागदासह फाइल हाती दिली. भाव थोडा कमी आला. तो गृहस्थ आजही दुरुस्तीची शंका विचारायला फोन करतो.

आमची सध्याची गाडी तिसऱ्याच कंपनीची आहे. ती घेण्यापूर्वी त्याच गाडीच्या दोन ड्रायव्हरांना चहा पाजून तिचे कच्चे दुवे विचारून घेतले होते. तेव्हा अब्बाही बरोबर होते.

अभ्यासासाठी

१. आपल्या गाडीच्या झिजणाऱ्या पाच भागांची यादी करा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीची तशीच यादी तिच्या ड्रायव्हरकडून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहा.

२. गेल्या बारा महिन्यांतील फेऱ्या मोजून वरील रीतीने आपली बरोबरीची संख्या काढा.

३. आपल्या गाडीचा चासी नंबर कोठे आहे ते शोधा, साफ करा आणि पुस्तकाशी ताडून पाहा.